दोन्हीकडे कडं

प्रयोगशाळेत ताईने स्पिरिटचा बोळा बाटल्यांवरून फिरवला आणि धुळीबरोबर पेनाने लिहिलेली नावंही गेली. दोन बाटल्या, दोन्हींत सारखंच गढूळ पाणी. आता कोणती कुठली, ओळखायचं कसं?

एकीत धडधाकट यीस्ट होतं, दुसरीत मुद्दाम बिघडवलेलं. पेशी आपल्या काही प्रथिनांना, जहाजाला असतो तसा, चरबीचा नांगर लावते, म्हणून ती तिच्या पडद्याला धरून राहतात. हा नांगर एकेक साखर जोडत, टप्प्याटप्प्याने घडतो. त्यातला एक टप्पा ताईने तीन महिने राबून बंद पाडला होता. अकरा वाजता निधी देणारे साहेब तेच पाहायला येणार होते. प्रयोगशाळा चालणार की कुलूप लागणार, हे त्यांच्या एका शब्दावर होतं.

"मामा, मी मेले!"

काचसामान धुण्यात वीस वर्षं घालवलेल्या मामांनी हात पुसले. "मग बोलतंय कोण? दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली घाला की. नांगर लागला असेल तिथे ते हिरवं चमकणारं प्रथिन कडेला धरून राहील आणि पेशीचं कडं चमकेल, नाही तिथे नाही. तुम्हीच सांगितलंत मला."

भीतीने तिला हे सुचलंच नव्हतं. तिने पहिला थेंब पाहिला. हिरवंगार कडं. हुश्श! दुसरा पाहिला.

"मामा, इथेही कडं आहे!"

मामांचाही चेहरा पडला. म्हणजे बिघडवलेलं यीस्ट बिघडलंच नव्हतं? ताई तडक मॅडमच्या खोलीकडे धावली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमपुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची. ताईने बाहेर उभं राहून एक वाक्य तीनदा घोकलं आणि आत जाताच ते विसरली.

"मॅडम, ते... बिघडलेलं आहे ना, ते बिघडलेलं नाहीये!"

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. "दार लाव आधी."

ताईने दार लावलं.

"सोमवारी तुझी बाटली माझ्या हातून फुटली गं," मॅडम कुजबुजल्या. "मूळ साठा फ्रीजरमध्ये आहे, पण तो वाढायला आठवडा लागतो. तोवर तुला कळू नये म्हणून धडधाकटच भरून ठेवलं."

"पण मला सांगायचंत ना!"

"तुझी भीती वाटते. तुझ्या सामानाला कुणी नुसता हात लावला तरी कशी बघतेस!"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. साहेब आले होते.

"तुम्ही सांगा, मॅडम."

"तू सांग. तू लहान आहेस, तुला ओरडणार नाहीत."

शेवटी मॅडमनी दार उघडलं आणि एका दमात फुटलेल्या बाटलीचं सांगून टाकलं. मागून ताईने पुसलेल्या नावांची कबुली दिली.

साहेबांनी दोघींकडे पाहिलं. मग स्वतःच दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"आठवड्याने येतो, काही बिघडत नाही. पण एक विचारू? तीन वर्षं तुमचे अहवाल मंजूर करतोय, विचारायची भीती वाटत होती. हा नांगर म्हणजे नेमकं काय हो?"