एकेचाळीस पावले, मार्गे आठ बंदरे

जगातली कोणतीही दोन माणसे एकमेकांपासून दूर नसतात. त्यांच्यामध्ये पुरेशी बंदरे नसतात, एवढेच. हे सत्य ज्या कंपनीला प्रथम उमगले, त्या जहाज-कंपनीत मार्गबाई नोकरीला होत्या. कोणते पार्सल कोणत्या वाटेने जाईल हे त्या ठरवत, म्हणून ऑफिसात हेच नाव पडले होते. घरीही आता आई सोडून सगळे तेच म्हणत.

कंपनीने यंदा ‘वाढत्या अर्थव्यवस्थांशी ग्राहकजोडणी योजना’ हाती घेतली होती. योजनेचा पाया अगदी सोपा होता. पार्सल एका बंदराला लागले की ग्राहक एका वाढत्या अर्थव्यवस्थेशी जोडला जातो. आठ बंदरांना लागले की आठांशी. मग जे पार्सल एकाही बंदराला न लागता थेट पोचते, त्याने ग्राहकाचे केवढे नुकसान केले! अशा पार्सलांना योजनेत ‘कुपोषित’ म्हटले होते. योजनेआधी शंभरातल्या बारा पार्सलांनीच समुद्र पाहिला होता. आता शंभरच्या शंभर पाहतात. त्यांतली नऊ परतही आली आहेत. (उरलेली अजून समुद्र पाहत आहेत.)

अर्थव्यवस्था खरोखरच वाढत होत्या. पार्सले साठली की गोदाम वाढवावे लागे, गोदाम वाढले की अर्थव्यवस्था वाढली असे धरले जाई, आणि वाढत्या अर्थव्यवस्थेकडे आणखी पार्सले धाडणे हे तर योजनेचे ध्येयच होते.

मसुदा करताना योजनेच्या प्रमुखांनी, विस्तारसाहेबांनी, विचारले होते, “काय हो मार्गबाई, अगदी जवळच्या पार्सलांना सूट द्यायची का?”

मार्गबाईंनी मान हलवली. “नको साहेब. नेमाला पळवाट ठेवली की पळवाटच नेम होऊन बसते.”

साहेबांनी ते वाक्य जसेच्या तसे कलम चारमध्ये घातले. बाईंना त्या दिवशी फार समाधान वाटले.

आणि मग आईचे कानातले यंत्र बिघडले.

दुरुस्तीचे दुकान घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे होते. एकेचाळीस पावलांवर. मार्गबाईंनी यंत्र तिथे टाकले आणि सोमवारी ते नीट होऊन डबीत बसले. पण दुकानदार काकांनी मधल्या काळात कंपनीशी करार करून दुकानावर ‘ग्राहकजोडणी केंद्र’ अशी पाटी लावली होती. आता दुकानातली प्रत्येक वस्तू कंपनीमार्फतच बाहेर पडायची.

“काका, डबी समोरच दिसतेय. हात लांब करा, मी घेते.”

“बाई, मी हात लांब केला की माझा परवाना आखूड होतो. कलम चार. कुणी लिहिलंय कोण जाणे, पण एक फट ठेवली नाही बघा मेल्यानं!”

मार्गबाई खाली मान घालून एकेचाळीस पावले परत आल्या.

घाई एवढ्यासाठी होती की रविवारी चार वाजता मावशीचा फोन यायचा होता. मावशी मागच्याच गल्लीत राहायची, पण दोघी बहिणींनी अकरा वर्षांत एकमेकींचे तोंड पाहिले नव्हते. आजीचे शिवणयंत्र कुणाचे, यावरून बिनसले होते. शिवणयंत्र मार्गबाईंच्या माळ्यावर चादरीखाली आणि भांडण दोन्ही घरांत उघड्यावर. आता मावशीनेच सुनेकरवी निरोप धाडला होता, “ताईला म्हणावं, बोलायचंय.”

“रविवारपर्यंत येईल ना गं माझं यंत्र?” आई दिवसातून दहादा विचारी, तेही साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. मार्गबाई मान डोलवत. ऑफिसच्या पडद्यावर डबी तिसऱ्या बंदरात होती. प्रगती समाधानकारक होती.

रविवारी चारला फोन वाजला. मार्गबाईंनी तो घेतला, तसा आईने ओढून घेतला. “माझी बहीण आहे, माझ्याशी बोलेल!”

मावशीचा आवाज मुळात खणखणीत. तो खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता, आई सोडून.

“ताई, चूक तुझीच होती ना?”

“हो, हो.”

“शिवणयंत्र आईनं मलाच दिलं होतं ना?”

“हो गं बाई, हो.”

“मग देशील पाठवून?”

“हो, हो. तू कशी आहेस?”

पलीकडे मावशी रडू लागली. इकडे आई काही न ऐकताच रडू लागली. अकरा वर्षांचे वैर चार मिनिटांत मिटले. आईच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून खरे काय ते लिहून दाखवण्याचा मार्गबाईंना धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी आई अंघोळीला गेल्यावर त्यांनी माळ्यावरून शिवणयंत्र उतरवले आणि मावशीच्या पत्त्यावर, म्हणजे मागच्या गल्लीत, रवाना केले. मार्गे आठ बंदरे. कलम चार.

त्यानंतरचे रविवार सोन्याचे गेले. मावशी दर आठवड्याला फोन करी आणि आई दर वेळी सगळे कबूल करी. विस्तारसाहेबांनी ही हकिगत ‘जोडलेली नाती’ या सदरात छापली. (फोटोत बंदर होते.)

त्र्याहत्तराव्या दिवशी डबी आली. कडांना मीठ लागले होते, पण यंत्र उत्तम चालत होते. आईने ते कानात घातले. तिने घड्याळ ऐकले. गळका नळ ऐकला. “एवढी टपटप चालते होय घरात!” ती म्हणाली. मग रविवारी चार वाजता फोन ऐकला.

“ताई, शिवणयंत्र अजून पोचलं नाही हं. आणि तू चूक कबूल केलीस, तुझं मन मोठं.”

“कसलं यंत्र? कसली चूक?”

पुढची वीस मिनिटे मागच्या गल्लीशी बोलायला फोनची गरज उरली नव्हती. शेवटी आईने फोन आपटला, शिडी लावून माळा पाहिला आणि लेकीकडे वळली. मार्गबाईंनी डोळे मिटून घेतले. पण आईने कानातले यंत्र काढून हळूच डबीत ठेवले आणि डबी त्यांच्या हातावर ठेवली.

“हे परत दुरुस्तीला पाठव,” ती म्हणाली. “तुझ्या त्या लांबच्या वाटेनं.”

मार्गबाईंनी नेमाप्रमाणे त्याच दिवशी डबी रवाना केली.

वाचक हसतील, त्याला आमची हरकत नाही. पण हे वाचत असताना आतल्या खोलीतून कुणीतरी तुम्हाला दोनदा काही विचारले आणि तुम्ही मान वर न करता “हो, हो” म्हणालात. काय कबूल केलेत, ते आता विचारू नका. फक्त एकदा माळा बघून या.