तलावाकडे पाठ, टेलकडे तोंड

अकरा वर्षं मी पोरांना माणसाचं हृदय उलटं शिकवलं.

खाली-वर उलटं नव्हे, तेवढं मलाही कळतं. डावं-उजवं उलटं. झालं असं की आमच्या शाळेतल्या हृदयाच्या तक्त्याला उधई, म्हणजे वाळवी, लागली. रंग राहिले, नावं गेली. मी स्केचपेन घेतला आणि माझ्या डाव्या हाताला जे अलिंद दिसलं त्याला 'डावे', उजव्या हाताला दिसलं त्याला 'उजवे' असं ठसठशीत अक्षरात लिहून टाकलं. पुस्तकात बरोबर याच्या उलट होतं. अशा वेळी शहाणा माणूस स्वतःवर शंका घेतो. मी पुस्तकावर घेतली. "छपाईची चूक आहे रे, दुरुस्त करा," असं म्हणून दरवर्षी अख्ख्या वर्गाकडून पुस्तकं खोडून घेतली. बोर्डाच्या परीक्षेत पोरांचे आकृतीचे मार्क कापले जायचे, तेव्हा पेपर तपासणाऱ्यांच्या घाईबद्दल मी स्टाफरूममध्ये फार कळवळून बोलायचो.

ही चूक ना हेडमास्तरांना सापडली, ना तपासणीला आलेल्या साहेबांना. सापडली आमच्या शेजारच्या इस्तारीमामाला. शिक्षण चौथी पास. नोकरी पाटकऱ्याची, म्हणजे नहरीचं पाणी सोडायचं आणि धानाच्या बांध्याबांध्यांना वाटायचं. एकतीस वर्षं चोरखमारा तलावाच्या नहरीवर काढून मामा रिटायर झाला.

हा मामा तुमच्या तब्येतीची चौकशी तुमच्याकडे पाठ करून करतो. "मामा, डावा गुडघा दुखून राहिला," असं कोणी म्हटलं की तो गर्रकन वळतो, तुमच्या पुढे पाठमोरा उभा राहतो, स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर थाप मारतो आणि समोरच्या हवेला विचारतो, "हा न?" तुम्ही हो म्हणेपर्यंत तो मागे बघत नाही. पहिल्यांदा सरपंचाला वाटलं, मामा रुसला. तो बिचारा मामाच्या पाठीची समजूत घालत बसला होता.

"तलावाकडे पाठ, टेलकडे तोंड," हे मामाचं कारण. टेल म्हणजे नहरीचं शेवटचं टोक. नहरीचा डावा काठ कोणता, हे बघणाऱ्याच्या हातावर ठरत नाही. तलावाकडे पाठ करून, पाणी जातं त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, मग जो डावा तो डावा. समोरून येणाऱ्याला काय वाटतं, त्याला नहर विचारत नाही.

ही रीत माणसांना लावायची सवय मामाला माझ्या वर्गात लागली. ती कशी, ते सांगण्यात माझी अब्रू जाते; पण अकरा वर्षांचा हिशोब वर देऊन बसलोय, आता काय वाचवायचं?

धान कापून झाले होते. एका सकाळी दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर पाटबंधारे खात्याचा खाकी स्वेटर दिसला. मामा. मांडीवर नहरीच्या नोंदीची जुनी डायरी, कानावर पेन.

"मामा, काही काम?"

"शिकाले आलो."

"काय?"

"मानूस," मामा म्हणाला. "आतून."

रिटायर माणूस, करमत नसेल, असं मी समजलो. बसू दिलं. बसू दिलं म्हणजे काय, त्या दिवसापासून वर्ग त्याचा झाला. मी पचनसंस्था शिकवत होतो. लहान आतडं सहा-सात मीटर लांब असतं म्हटल्यावर मागून आवाज आला, "अन गळती किती?" मूत्रपिंडाला त्याने लगेच 'सांडवा' हे नाव देऊन टाकलं. काहीही शिकवा, शेवटी त्याचा एकच प्रश्न असायचा: "टेलले पोचते का?" श्वास घेतला, टेलले पोचते का? भात खाल्ला, टेलले पोचते का? पायाच्या करंगळीपर्यंत सगळं पोचतं असं मी लिहून दिल्यासारखं सांगितलं, तेव्हा कुठे त्याने डायरी मिटली.

हृदयाच्या झडपांपाशी तो फार अडला.

"चार गेटं. अन पाटकरी एकबी नाई?"

"नाही मामा. आपोआप चालतं."

"सुट्टी?"

"नाही."

"मंग रिटायर कवा होते?"

"रिटायर झालं की संपलं, मामा."

पोरं हसली. मामाने ते डायरीत लिहून घेतलं.

पायातलं रक्त वर चढतं हे मात्र तो मानेचना. "पानी चढावर जात नाई मास्तर. एकतीस सालात गेलं नाई." मी सांगितलं की पोटऱ्यांचे स्नायू दाबले जातात, शिरांतल्या झडपा रक्ताला मागे येऊ देत नाहीत, म्हणून ते वर जातं. मामाने स्वतःची पोटरी दाबून पाहिली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बाकावर बसलेले गावातले सात-आठ म्हातारे एकसाथ टाचा वर-खाली करत होते आणि मामा समोर उभा राहून ओरडत होता, "हालवा बुढ्यांनो, पंप बंद पडून राहिले तुमचे!"

आता कौतिकामामीबद्दल सांगायला हवं. मामाची बायको.

मामीच्या जिभेला अख्खं गाव वचकून असे. रस्ता तिच्या अंगणावरून जातो, म्हणून लोक नहरीच्या काठाने फिरून जायचे. नळ, रेशन, सून, सरकार, कोणी सुटायचं नाही. 'बह्याड' म्हणजे येडपट, हा तिचा लाडका शब्द. गावातल्या प्रत्येकाला तिने एकदा तरी तो दिलेला. मामाला रोज, जेवणासोबत. मला मात्र कधी नाही. मास्तरकीचा तेवढा मान तिने ठेवला होता.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर, मामा वर्गात येण्याच्या आधीच, मामीला लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागला आणि बोलणं गेलं. गोंदियाच्या डॉक्टरने घाईघाईत सांगितलं, "बाबाजी, दिमाग के बायें हिस्से में खून जमा था. इसीलिए दायां हाथ और बोलना, दोनों गया. दवा टाइम पे दो, कसरत कराओ, बात करते रहो." मामाने मान हलवली. "साहेबासमोर जशी हालवतो तशी," असं तो स्वतःच सांगतो.

मामीकडे एकच शब्द उरला होता: "हाव." जेवलीस? हाव. नाही जेवलीस? हाव. जिच्याकडून गावाला कधी कशाची परवानगी मिळाली नाही, ती आता सगळ्यालाच हो म्हणत होती. पलीकडच्या बाईने एक दिवस "मामी, ही कोंबडी आमची होय न?" असं विचारून कोंबडी नेलीसुद्धा. संध्याकाळी तिची तिलाच लाज वाटली आणि कोंबडी परत आली.

वर्गात येऊ लागल्यावर महिन्याभराने मामा मामीच्या डोक्याचा मोठा फोटो घेऊन शाळेत आला. स्कॅनचा, काळा-पांढरा. त्याने तो खिडकीच्या उजेडात धरला.

"मास्तर, एकच सांगा. तिचं बोलनं अडलं कुठी?"

फोटोत उजव्या हाताला एक डाग होता. मी बोट ठेवलं. "इथे. उजव्या बाजूला."

"डॉक्टर तं डावा म्हने."

"डॉक्टर घाईत असतात, मामा."

फोटोच्या डाव्या कडेला इंग्रजीतला बारीक आर छापलेला होता. "हे काय होय?" मामाने विचारलं. "आर म्हणजे रिपोर्ट," मी म्हणालो. राइट हा शब्द मला येत नव्हता असं नाही. त्या दिवशी सुचला नाही.

मामाने डॉक्टरपेक्षा मास्तरला मोठं मानलं आणि फोटो गुंडाळून घरी गेला.

मग तो दिवस आला. मी हृदयाची उजळणी घेत होतो. मामा मागच्या बाकावर स्वेटरच्या आत हात घालून बसला होता. अचानक उठला.

"मास्तर, तक्त्यातल्या हृदयाचं टोक तुमी लिवलेल्या उजव्याकडे हाय. माझं डावीकडे धडधडून राहिलं. मी उलटा हावो का तक्ता?"

"छपाईची…" मी सुरुवात केली.

मामाने पुढे येऊन खिळ्यावरचा तक्ता काढला, वर्गाकडे तोंड केलं आणि तो स्वतःच्या छातीवर ॲप्रनसारखा धरला. टोक बरोबर त्याच्या डावीकडे गेलं. मी 'डावे' लिहिलेलं सगळं त्याच्या उजव्या हाताखाली आणि 'उजवे' लिहिलेलं डाव्या हाताखाली.

"नहरीचा डावा काठ पान्यासंगं जानाऱ्याचा राहते मास्तर. पाहनाऱ्याचा नाई. मानसाचाबी तसाच असंन न?"

पोरं बाकं बडवत हसली. पहिल्या बाकावरच्या पोरीने रबर काढून पुस्तकातली माझी दुरुस्ती खोडायला घेतली. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? एकटा मामा हसत नव्हता. तो तक्ता छातीला धरून तसाच उभा होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मंग तो फोटोबी…" एवढंच म्हणाला. तक्ता माझ्या हातात दिला आणि तास अर्धा टाकून निघून गेला.

संध्याकाळी मी माफी मागायला त्याच्या घरी गेलो. कशाची माफी, ते मला नीट ठाऊक नव्हतं. पण काहीतरी मोठं केलंय, एवढा अंदाज होता.

अंगणात मामी खाटेवर बसली होती. मामा तिच्या मागे, ती बघत होती त्याच दिशेला तोंड करून. हातात तेलाची वाटी. तो तिच्या डोक्याच्या डाव्या बाजूला बोटांनी तेल जिरवत होता.

"या मास्तर," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच मला जड गेलं. "दोन महिने मी उजवीकडे लावून राहिलो. तुमी म्हनले म्हनून. अडलं एकीकडे, मी साफ करून राहिलो दुसरीकडे."

"मामा, तेलाने तसाही… ते आत पोचत नाही."

"ठाऊक हाय. तुमीच शिकवलं, कवटीचं हाड. गोळ्या मी टायमावर देतो. पन हाताले काई काम पायजे न."

मग तो वाटीसकट समोर येऊन जमिनीवर बसला. शेजारी शाळेचं पुस्तक उघडं पडलेलं. त्याने मामीचं कोपर धरलं. "हे कोपर. म्हन."

"हाव," मामी म्हणाली.

"हे मनगट."

"हाव."

"हा खांदा होय. हे गालाचं हाड."

"हाव. हाव."

अख्ख्या अंगाचे पाठ केलेले शब्द, एकेका जागी हात लावून, तो सांगत गेला. मला राहवलं नाही. "मामा, याच्यासाठी तुम्ही वर्गात येता?"

तो मामीच्या गालावरून हात न काढता म्हणाला, "डॉक्टरनं सांगतलं, बात करते रहो. आता काय बोलू मास्तर? लगन झाल्यापासून मी आयकलंच. बोलाची पाळी तिचीच राहे. मले बोलता येतच नाई. दोन दिवस बसलो तिच्यापुढं, बोलाले काई सापडंना. मंग म्हटलं, शाळेत जाऊन थोडं घेऊन येऊ."

काहीतरी करणं भाग होतं, म्हणून मामीसमोर उकिडवा बसलो आणि सगळं कबूल केलं. "मामी, चूक माझी. मामाला डावं-उजवं मीच उलटं सांगितलं. डॉक्टर बरोबर होता. फोटोवर आर छापलेला होता, त्याला मी रिपोर्ट म्हणालो. मामालाच नाही, अकरा वर्षं पोरांनाही उलटंच शिकवलं. वर पुस्तकं खोडायला लावली."

मामी माझ्याकडे बघत होती. 'हाव' येईल म्हणून मी वाट पाहिली. आला नाही. तिचे ओठ जुळले, सुटले, परत जुळले. वाकडी झालेली बाजू ताणली गेली. मामाचा तेलाचा हात हवेतच राहिला.

"ब," मामी म्हणाली.

मामा वाटीसकट पुढे झुकला.

"बह्याड."

मामाने वाटी खाली ठेवली. ठेवली काय, सांडलीच. गुडघ्यावर सरकत तिच्या जवळ गेला. "आखीन एक डाव. कौतिका, आखीन एक डाव म्हन."

मामीने मामाकडे पाहिलं. काही नाही. पुस्तकाकडे पाहिलं. काही नाही. मग मान वळवून पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी अडखळली नाही. "बह्याड."

मी डोळे पुसायला उठू लागलो, तर मामाने माझा खांदा दाबून मला खाली बसवलं.

"जागचे हालू नोका मास्तर," तो म्हणाला. "अन तोंड असंच ठेवा. तुमाले पाहूनच निघून राहिलं."