कोन्ते सर

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, भोयर सरांसमोर कुणाचं नाव घ्यायची चोरी आहे. "सर, काल प्रकाश भेटला होता," असं आपण सहज म्हणावं, तर सर चहाचा कप खाली ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "कोन्ता?"

"प्रकाश हो. किराणावाला."

"किराणावाले प्रकाश दोन आहेत. एक चौकातला, एक पाण्याच्या टाकीजवळचा. कोन्ता?"

तोवर प्रकाशबद्दल काय सांगायचं होतं तेच आपण विसरलेलो असतो. पोरांनी त्यांचं नावच 'कोन्ते सर' पाडलंय आणि ते सरांना ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की हे नाव बरं आहे, निदान नागपुरात दुसरा कोणी निघणार नाही.

सर कॉलेजात गणित शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण 'पुरावा?' म्हणत सिद्धता मागायची खोड गेली नाही. वर्गात ती आकड्यांकडून मागत, आता माणसांकडून मागतात. एकदा लेआउटच्या ग्रुपवर बातमी आली, 'सुरेशराव गेले.' निम्मा लेआउट हार घेऊन निघाला. सर गेटवर उभे राहून एकेकाला विचारत होते, "कोन्ते सुरेशराव?" सगळे चिडले. ही काय वेळ आहे विचारायची! मंडळी मागच्या गल्लीतल्या सुरेशरावांकडे पोचली, तर ते बाहेर खुर्ची टाकून दाढी करत बसलेले. माझ्या यजमानांच्या हातातला हार त्यांना दिसला. यजमानांनी तो तसाच त्यांच्या गळ्यात घातला आणि "वाढदिवसाच्या शुभेच्छा" म्हणून परत आले. खऱ्या सुरेशरावांच्या घरी त्या दिवशी एकटे सर वेळेवर पोचले.

जिवंत माणसांची ही गत, तर मेलेल्यांचं विचारूच नका. सरांचा खरा उद्योग तोच. इतिहासात एकाच नावाची दोन-तीन माणसं असली की लोक त्यांची मोट बांधतात आणि एकच माणूस करून टाकतात. सर ती मोट सोडायला बसतात. देवळाच्या पायऱ्यांवर कोरलेली नावं, लकडगंजातल्या जुन्या लाकूडवाल्यांच्या घरातले फोटो, व्यायामशाळेच्या भिंतीवरच्या पाट्या, असं जिथे नाव दिसेल तिथे सर पालथी मांडी घालून बसतात. त्यांचा नियम एक. "नावावर जायचं नाही. बाप, गाव आनि धंदा. तिन्ही जुळले तं एक माणूस, नाही तं वेगळा."

या नियमापायी त्यांनी ढोमणे वकिलांशी वैर ओढवून घेतलं. ढोमणे आमचे समोरचे. त्यांचे पूर्वज दाजीबा हे इंग्रजांशी लढले, अशी घरात पिढ्यान्‌पिढ्या आख्यायिका. मोठ्या खटपटीनं वकिलांनी आमच्या चौकाला 'वीर दाजीबा चौक' नाव द्यायचं घडवून आणलं. मांडव पडला, पाहुणे आले, तर्री-पोहे झाले. भाषणं संपता संपता सर उभे राहिले. सिंधूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मागून सदरा ओढला, पण सदरा तेवढा ताणला गेला.

"कोन्ते दाजीबा?" सरांनी विचारलं.

मग सरांनी शांतपणे सांगितलं की त्या काळात दाजीबा नावाचे चार जण होते. एकानं विहीर बांधली, एक पहिलवान होता, एक लढला. तो लढलेला निपुत्रिक गेला. "तुमचे दाजीबा चौथे, वकीलसाहेब. ते फौजेच्या घोड्याईले चारा पुरवत."

वकिलांचा चेहरा पडला. पाटीवरचा पडदा अर्धा निघालेला, तो तसाच लोंबत राहिला. सरांना वाटलं, आपलं बोलणं नीट पोचलं नाही. ते स्टेजवर गेले आणि वकिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काहून नाराज होऊन राहिले? चारा नसता तं लढाई कशावर झाली असती? तुमचा दाजीबा कमी नाही गा. फक्त वेगळा आहे."

"कमी नाही, वेगळा आहे" हे सरांचं दुसरं पालुपद. वकील कित्येक महिने बोलले नाहीत. मी सरांना एकदा म्हटलं, "कशाला हो लोकांच्या आनंदावर विरजण घालता? मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

सर माझ्याकडे, बुद्दू विद्यार्थिनीकडे बघावं तसे, दयेनं बघत राहिले. "चार माणसं एका नावात कोंबले तं तिघं मेले नं वं पुन्हा? एकदा मेले ते पुरेसं नाही का?"

आता मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्हीही विचाराल, कोणती? मी शाळेत मराठी शिकवायची. लग्नाआधी मी मंदा होते. पण सासरी थोरल्या जाऊबाई आधीच मंदा. एका घरात दोन मंदा कशा चालणार, म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं आणि मी मधुरा झाले. मला त्याचं विशेष काही वाटलं नव्हतं. सगळ्यांचंच होतं तसं.

सर मात्र ओळख करून दिली त्याच दिवशी म्हणाले, "मधुरा हे झालं सासरचं. माहेरचं?" मी सगळी हकिगत सांगितली. सर खुर्चीवरून उठलेच. "दोन मंदा राह्यल्या असत्या तं आभाळ कोसळलं असतं का? हाक मारतानी विचारलं असतं, कोन्ती!" तेव्हापासून अख्ख्या लेआउटमध्ये मला मंदा म्हणणारा हा एकच माणूस. पहिल्यांदा त्यांनी कंपाउंडवरून "मंदा!" अशी हाक मारली, तेव्हा मी ओ दिली आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, हे मी अजून घरी कुणाला सांगितलेलं नाही.

नव्या नवरीला, मोलकरणीला, डॉक्टरीणबाईंनाही ते हेच विचारतात. "माहेरचं नाव काय?" बायकांना आधी विचित्र वाटतं, मग त्या सांगतात, आणि सांगताना बऱ्याच जणी हसतात.

सिंधूकाकूंच्या लग्नाची गोष्ट तर काकू रंगवून सांगतात. भटजींनी तांदळाचं ताट पुढे केलं, म्हणाले, नवरदेव, मुलीचं नाव लिहा. यांनी अंगठीनं ठळक लिहिलं, 'सिंधू.' सगळ्यांना वाटलं, पोरगं घाबरलं. भटजी म्हणाले, अहो, नवीन नाव! यांनी तांदूळ पुसले आणि पुन्हा लिहिलं, 'सिंधू.' "मले तवा वाटलं, हा मास्तर बावळट आहे," काकू म्हणतात. "मंग कळलं."

काय कळलं, ते काकूंनी मला एका दुपारी ज्वारीचे पापड वाळत घालताना सांगितलं. सर गच्चीच्या दुसऱ्या टोकाला कावळे हाकत होते.

सरांचे वडील रामचंद्र मास्तर. नागपुरातल्या महाल भागात राहायचे. रामचंद्राची बायको म्हणून घरच्यांनी सरांच्या आईचं नाव ठेवलं जानकी. सर चार वर्षांचे असताना ती गेली. मास्तरांनी दुसरं लग्न केलं. रामचंद्र तेच, म्हणून नव्या नवरीचंही नाव ठेवलं जानकी. घरातल्या भांड्यांवर जानकी, फोटोमागे जानकी, सरांच्या शाळेत आईचं नाव जानकी. पहिली जानकी दुसरीत अशी विरघळून गेली, की पुढे घरात कुणी तिची वेगळी आठवणसुद्धा काढेना.

"दुसऱ्या आईनं यायले फुलासारखं सांभाळलं," काकू म्हणाल्या. "तिचं माहेरचं नाव कौसल्या, ते यायनं कवाच विचारून घेतलं. पण आपल्या मायचं यायले माहीत नाही वं. रामटेककडची होती, एवढंच. जल्मभर धुंडून राहिले."

तेवढ्यात सर आमच्याजवळ आले. काकूंचं शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं असावं. पापडाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकत ते म्हणाले, "माणसं दोन अन् नाव एक, हे गणित सोपं आहे, मंदा. बाई एक अन् नावं दोन, हे काही सुटत नाही."

एरवी हा माणूस मला गमतीचा वाटायचा. त्या दिवशी वाटला नाही.

माझं माहेर रामटेकच्या अलीकडे, धानाच्या पट्ट्यात. मागच्या हिवाळ्यात भाच्याच्या लग्नाला गेले होते. भाच्यानं तांदळात नवरीचं नाव लिहिलं, टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी गावातली मोठी आजी बसली होती. नव्वदी कधीच ओलांडलेली, गावात सगळ्यांचीच ती मोठी आजी. ती पुटपुटली, "आमच्या मैत्रिणीचंबी असंच. नागपूरच्या रामचंद्र मास्तराच्या घरी गेली अन् जानकी झाली. मंग लवकरच मेली बिचारी."

माझ्या हातातल्या अक्षता तिथेच राहिल्या. मैत्रिणीचं नाव विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते विचारायचा हक्क माझा नव्हता.

नागपूरला परतल्यावर तडक सरांकडे गेले. सगळं ऐकून सर म्हणाले, "रामचंद्र मास्तर त्या काळी ढिगानं होते. आजीले नाव विचारलं का?"

"नाही."

"चांगलं केलं. आधी खुणा. नाव कानावर पडलं का मन लगेच फितूर होते." एवढं बोलून ते आत गेले. काकूंनी मला खुणेनं थांबवलं. आतून बराच वेळ कपाटाचा आवाज येत होता. सर चांगला सदरा शोधत होते.

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी करून आम्ही तिघं निघालो. आजी ओसरीवर उन्हात बसून तांदूळ निवडत होती. सर समोर पालथी मांडी घालून बसले आणि तोंडी परीक्षा सुरू झाली.

"मास्तर राहत कुठे?"

"महालात."

"लेकरं किती झाले तिले?"

"एकच पोट्टं. ते लहान असतानीच गेली. मास्तरानं दुसरी केली, मंग तिच्या बापानं नागपूरचं तोंड पायलं नाही. वावर इकून कुठी निंगून गेला, देव जाने."

काकूंनी माझा हात घट्ट धरला. सर म्हणाले, "असं दोन-चार घरात घडू शकते. अजून काही खूण?"

आजीनं सुपडं बाजूला ठेवलं. "गुरुजी, तुमी मले तपासून राहिले का? पोलिसातले आहा का?"

"नाही आजी," सर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मी ते पोट्टं आहो, असं वाटते. पण पक्कं नाही."

आजी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाव नाही विचारलं गा तुनं तिचं."

"काय होतं?"

"माह्यंच. यमुना. मी यमुना, तेबी यमुना. घराले घर लागून. कोनी हाक मारली, 'वं यमुने!' का मी मुकाट्यानं धावत जाओ. ते तशी नाही. ते आतूनच ओरडे." आजीनं मान वर करून, बोळक्या तोंडानं, पोरीसारखा ठसका आणून दाखवला, "'कोन्ती?' एकदा नाही, बाप्पा, दर बखत. 'कोन्ती?' सारं गाव तिले 'कोन्ती'च म्हने."

मला हसू येत होतं आणि रडूही, आणि कुठलंच आवरत नव्हतं. सर खाली मान घालून सुपातले तांदूळ बोटानं इकडे-तिकडे करत होते. 'पुरावा?' हा शब्द मी इतकी वर्षं ऐकत आले होते, तो आला नाही.

मग ते म्हणाले, "आजी, एक डाव हाक मारा नं. तवा मारत तशी."

आजीनं अंगणाकडे तोंड केलं. समोर नुसती तणसाची गंजी होती आणि एक कोंबडी उकरत होती. "वं यमुनेऽऽ!" तिनं हाक दिली.

आणि माझ्या शेजारून, हळूच, सर म्हणाले, "कोन्ती?"

आजीचे डोळे भरले. तिनं हात लांब करून सरांच्या टकलावरून फिरवला. "तुह्यी माय, बाप्पा," ती म्हणाली. "दुसरी कोन्ती!"

निघताना आजीनं सरांना नवे तांदूळ दिले. ती पिशवी मांडीवर घेऊन सर गाडीत पुढे बसले. मागे काकू पदरानं डोळे पुसत होत्या, मी खिडकीबाहेर बघत होते. नागपूर जवळ आलं तसा ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि विचारलं, "काका, कोन्त्या रस्त्यानं घेऊ?"

सरांनी पिशवी नीट धरली.

"कोन्त्याही घे गा," ते म्हणाले.