एकाच आकड्याच्या बारा हजार बाटल्या

बाळगोपाळांचे रक्षण देव करो, राजाचा भरंवसा नाही. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचे वर्तमान ऐसे जे, श्रीमंत कीर्तिराव महाराजांचे चित्ती आले की, राज्यातील तान्ह्या बाळांचे अंगास आमचेच नावाचे तेल लागावे. तेल काढणे महाराजांस येत नव्हते आणि शिकण्याची गरजही वाटली नाही. मग परमुलखीच्या दामशेट कारखानदाराकडून तयार तेल आणविले आणि बाटल्यांवर आपली चिठी डकविली, जीस हल्लीचे लोक लेबल म्हणतात. चिठीवर महाराजांची छबी मोठी, ‘शुद्ध, सौम्य, आईची माया’ ही अक्षरे त्याहून मोठी, आणि आत काय घातले ते इतके बारीक की मुंगीने चष्मा मागावा. दामशेटाने लिहून कळविले होते की, दर घाण्याचा बॅच नंबर निराळा छापणे, कायदा आहे. मग राजज्योतिषी धुंडिभट यांणी पंचांग उघडले आणि म्हणाले, "महाराज, अकरा आकडा तेवढा शुभ. बाकीचे बाळांस बाधतात." महाराज बहुत प्रसन्न जाहले आणि घाणा कोणताही असो, बारा हजार बाटल्यांवर अकराच छापविला. वाहवा, काय ती अक्कल!

मग पौषात वीटभट्टीवरील हौसा नावाची बाई लेकीस पोटाशी धरून भर दरबारी आली. पोरीचे अंग लाल आणि मांड्या सोललेल्या. बाई म्हणाली, "म्हाराज, तुमचं त्याल लावलं आन् पोर तीन दीस रडतीया. ह्यात काय हाय ते तरी सांगा." महाराजांनी दामशेटास बोलाविले आणि त्याने हात जोडून कबूल केले, "सरकार, आमच्या सातव्या घाण्यात सुगंध दुप्पट पडला. दोनशेच बाटल्या. तुमचे चिठीवर सात कोठे आहे ते दाखवा, आजच उचलतो." बाटली पाहिली, अकरा. दुसरी पाहिली, अकरा. धुंडिभट पंचांगात तोंड घालून बसले.

महाराज म्हणाले, "बारा हजारांत दोनशे ते काय! बाकी तेल उत्तम. विक्री चालू ठेवा." तेव्हा हौसा पुढे झाली आणि म्हणाली, "मग ह्यातली कंची बी उचला आन् युवराजांना लावा." युवराज सहा महिन्यांचे, राणीसाहेबांचे मांडीवर होते. महाराजांनी एक बाटली उचलली आणि ठेविली, मग दुसरी उचलली आणि तीही ठेविली. राणीसाहेब बाळावर पदर ओढून ताडकन उठल्या आणि ओरडल्या, "खबरदार! माझ्या बाळाला ते तेल लावाल तर!"

हौसा म्हणाली, "बाईसाहेब, माजं बी बाळच हाय."

मग महाराजांस मान वर करवेना.

सारांश, बाराही हजार बाटल्या परत मागवून नष्ट केल्या आणि हौसाची पोर वैद्याचे औषधाने पंधरवड्यात बरी जाहली. पुढे घाणा तसा नंबर छापू लागले. महाराज आता येईल त्यास सांगतात की, बाळांची काळजी आम्हांस पहिल्यापासूनच होती. आम्ही बखरकारांनीही दरबारी दप्तरात तैसेच लिहून ठेविले आहे. काय करणार, चाकरी दरबारची.