थोरला रुसून परत येईपर्यंत

दोष आजीचा आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण ती होती तेव्हा तिच्याबद्दल वाईट बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. मग बोलायचं तरी कधी?

मी तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. (कॉलेजचं म्हणणं थोडं वेगळं आहे.) तेव्हापासून घरातले वडीलधारे माझ्याकडे गळक्या नळाकडे बघावं तसे बघतात. येता-जाता प्रत्येक जण जरा पिळून बघतो आणि 'वायसर गेलाय' म्हणून पुढे जातो.

मला आजीची खालची खोली हवी होती. रस्त्याला लागून, मोठी खिडकी, आत मोरी. छोटी खानावळ आरामात चालली असती. खोलीवर हक्क बाबा, आत्या आणि काका अशा तिघांचा. पण आत्या आणि काका यांची मतं जन्मापासून बाबांच्या खिशात असतात. "दादा हो म्हणाला की आमचंही हो," असं दोघांनी एका सुरात सांगितलं. साठीला टेकलेली माणसं, पण अजून दादाला विचारून शिंकतात.

बाबा म्हणाले, "खानावळ काढायला आधी स्वयंपाक यावा लागतो. माझ्या आईचा कांद्याचा रस्सा करून दाखव. तीच चव आली तर ही किल्ली तुझी. नाही आली तर गुपचूप परीक्षेला बस."

मला वाटलं, डाव्या हातचा मळ. आजीची पाककृतींची वही कपाटातच होती. कांद्याच्या रश्श्याचं पान काढलं. तिथे लिहिलं होतं:

'कांदे उभे चिरून तेलात घालावे. थोरल्याची आंघोळ होईपर्यंत परतावे. मग धाकट्याचा भांग पडेपर्यंत झाकून ठेवावे. पाणी घालून मधलीची वेणी होईपर्यंत उकळावे. तोवर थोरला रुसून जाईल. तो परत येईपर्यंत झाकण काढू नये.'

आजीच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. तीन पोरं होती.

थोरला म्हणजे आमचे बाबा. मी साधा माणूस, बाबा आंघोळीला गेले तसे कांदे तेलात टाकले. पण निवृत्त झाल्यापासून बाबा आंघोळीला जातात ते लांबच्या गावाला गेल्यासारखे. ते बाहेर आले तेव्हा कढईत कोळसा होता. बाबांनी चमचा चाटून बघितला आणि म्हणाले, "डांबर."

मग मी रविवारी तिघांना स्वयंपाकघरात गोळा केलं.

"बाबा, तुम्ही दहा वर्षांचे असताना आंघोळीला किती वेळ लागायचा?"

"नीट साबण लावून, अंग चोळून जेवढा लागायला हवा तेवढा."

"दोन तांबे," आत्या म्हणाली. "एक डोक्यावर, एक फरशीवर. आवाजापुरता."

"तू तेव्हा लहान होतीस."

"कान मोठे होते."

शेवटी कांदे तेलात टाकून बाबांना प्रत्यक्षच आंघोळीला पाठवलं. दोनदा पाणी पडल्याचा आवाज आला आणि ते कानातून थेंब गाळत बाहेर आले. कांदे सोन्यासारखे झाले होते. या घरात वेळेवर झालेली मी पाहिलेली ही पहिली गोष्ट.

पुढचा नंबर धाकट्याचा, म्हणजे काकाचा. काकाच्या डोक्यावर हल्ली फक्त चष्मा असतो. तरी तो आरशासमोर उभा राहिला. "केस गेले, हात तोच आहे," म्हणाला आणि टकलावरून कंगवा फिरवू लागला. मग तळहात ओला करून मागचा एक तुरा दाबून बसवला. तुरा पन्नास वर्षांपूर्वीचा होता, तरी अजून बसेना. आई हसू येऊ नये म्हणून कढईकडेच बघत होती.

मधली म्हणजे आत्या. तिने केस मानेपर्यंत कापलेत, म्हणून आईला पुढ्यात बसवून आईची वेणी घातली.

"हळू ओढा, वन्सं. एवढ्या वर्षांचा राग आहे का?"

"आहे," आत्या म्हणाली आणि पेड आवळला.

रश्श्याचा वास घरभर सुटला. बाबांनी नाक वर केलं. "वास तर जमलाय," असं म्हणून खिशातली किल्ली दोन बोटांत खेळवली.

आता राहिला रुसवा.

"मी कधी रुसायचो नाही," बाबा म्हणाले.

"दादा, तुझा चमचा दुसऱ्याला दिला की तू जिन्यात जाऊन बसायचास," काका म्हणाला.

"तो माझा चमचा होता."

पण हे ते हसत हसत म्हणाले. अडचण तुमच्या लक्षात आली असेल. चव हवी तर बाबा रुसायला हवेत, आणि खोली हवी तर बाबा खूश हवेत. शहाण्या माणसाने इथे गॅस बंद केला असता. (मी शहाणा असतो तर चौथ्या वर्षाला असतो.)

"दादा, तुझं अक्षर घाण आहे," काकाने सुरुवात केली.

"कंजूषही आहेस," आत्या म्हणाली.

"नवीन काहीतरी सांगा," बाबा म्हणाले.

रस्सा आटत चालला होता. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला तीनदा बसलात. मी निदान एकदाच उठलो."

बाबा पहिल्या फटक्यात पास झाले, असं मला लहानपणापासून जेवणाआधी आणि जेवणानंतर सांगण्यात आलं होतं. आत्याने पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला, त्यामुळे मला कुणी सांगितलं तेही सगळ्यांना कळलं.

बाबा उठले, चपला घातल्या आणि गेले.

"झाकण काढू नकोस," काका म्हणाला. "भूक लागली की येतो. आईचा हिशोब तोच होता."

आम्ही थांबलो. मी जिन्यात बघून आलो. जिना रिकामा होता.

"चमच्यासाठी एवढा वेळ नाही लावायचा," आत्या म्हणाली.

"हे चमच्याचं नाहीये," आई म्हणाली.

खाली लागल्याचा वास यायला लागला, तसा आईनेच गॅस बंद केला. आत्याने एक घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला. डोळे भरले होते.

"हीच चव. अशीच खाली लागलेली."

"रोज लागायचा," काका म्हणाला. "दादामुळे." मग त्याने पावाने कढई पुसून काढली. बाबांसाठी वाटीभर तेवढा आधीच काढून ठेवला होता. मी पास झालो होतो. आता एका माणसाच्या होकाराचाच प्रश्न होता.

बाबा आले ते शांत होते.

"तीच चव आली, दादा," आत्या म्हणाली. "तुला वाटीभर ठेवलाय."

"मी जेवून आलो. कोपऱ्यावरच्या हॉटेलात." बाबांनी चपला नीट जोडून ठेवल्या. "हॉटेलवाला भटारखान्याला जागा कमी पडते म्हणाला. आपली खोली देऊन टाकली. कांदे चिरायला माणूसही हवा होता, तोही देऊन टाकला. म्हटलं, तीनदा सांगावं लागेल, पण शिकेल."

आत्या आणि काका यांनी एकमेकांकडे बघितलं आणि हो म्हटलं.

खोली गेली. त्याच खोलीत आता मी हॉटेलवाल्याचे कांदे चिरतो, आणि पगार बाबांच्या हातात जातो.