पुढच्या खेपेचा स्क्रू

आमच्या कॉलनीतल्या निम्म्या कॉम्प्युटरांना एकेक स्क्रू कमी आहे. कॉम्प्युटरच्या डब्याचा बाजूचा पत्रा मागून दोन स्क्रूंनी आवळायचा असतो. आमच्याकडे तो एकावरच असतो. दुसरा भूपालअण्णांच्या शर्टाच्या खिशात.

का, असं विचारलं की अण्णा खिडकीतून आभाळाकडे बघतात. "दिवस बुडायला आला ओ. जेवायचं हाय. ह्यो पुढच्या खेपेला बसवतो." अण्णा जैन आहेत, दिवस बुडाल्यावर जेवत नाहीत, हे खरं. पण सकाळी सुरू केलेलं काम मावळतीला नेमकं एका स्क्रूवर येऊन कसं अडतं, हे मला इतकी वर्षं भूगोल शिकवूनही कळलेलं नाही.

अण्णा कसबा बावड्यात आमच्या समोरच्या घरात एकटे राहतात. कबनूरला त्यांचे घरचे यंत्रमाग होते. बायको गेली, मुलगा नोकरीला बेंगळुरूला गेला, तेव्हा माग विकून ते इकडे आले. माग गेले पण हातातला पाना काही सुटला नाही. मग मोबाईलवरचे व्हिडिओ बघून कॉम्प्युटर जुळवायला शिकले, आणि कॉलनीच्या मागे लागले. पैसे घेत नाहीत, चहा घेतात. त्यांनी जुळवलेली मशीनं उत्तम चालतात. म्हणजे, अण्णा समोर बसलेले असले की चालतात. एकाच्या डब्यात त्यांनी पंखा उलटा बसवला होता, त्याच्या पायावर सगळी गरम हवा यायची. तो तक्रार घेऊन आला तर अण्णा म्हणाले, "थंडीत बरंच हाय की."

आता मी या माणसाच्या तावडीत कशी सापडले ते सांगते.

माझे गुडघे गेलेत. शाळेच्या जिन्यांनी खाल्ले. डॉक्टरांनी दिवाळीनंतर ऑपरेशनची तारीख दिली आणि सांगितलं, पुढे बरेच दिवस घरीच. घरी बसून मी काय करणार? देवाचं नाव घ्यायला मला एवढा वेळ लागत नाही. मी ठरवलं, ट्रक चालवायचा. कॉम्प्युटरवर. असा खेळ असतो, मी एका सहकारी बाईंच्या घरी बघितला होता. भलामोठा ट्रक, समोर डोंगर, वळणं, बोगदे. मी जन्मभर भिंतीवरच्या नकाशात छडीने आल्प्स दाखवला. एकदा त्यातून गाडी काढावी असं वाटलं, यात कुणाचं काय गेलं?

"या वयात?" हे म्हणाले. माझे मिस्टर.

"याच वयात," मी म्हटलं. "खेळात क्लच दाबायला गुडघा लागत नाही."

पण खेळाचा कॉम्प्युटर म्हणजे साधं प्रकरण नाही. त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं, नाहीतर ट्रक वळणावर अडखळत राहतो. माझी पन्नास हजारांच्या पुढे जायची तयारी नव्हती. तेवढ्या पैशांत दुकानातला तयार घ्यावा की सुटे भाग आणून जुळवून घ्यावा, हा प्रश्न मी दुर्बुद्धी सुचून फाटकात उभी राहून ह्यांना मोठ्याने विचारला. समोरचं दार लगेच उघडलं.

"मशीन इकत घ्यायचं नसतंय बाई," अण्णा रस्ता ओलांडता ओलांडताच म्हणाले, "जुळवायचं असतंय."

त्या दिवसापासून माझ्या आयुष्यातली शांतता संपली. मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसलेली, फोन वाजायचा, आणि अण्णांचा आवाज असा की फोन कानाला लावला काय आणि टेबलावर ठेवला काय, सारखंच. "बाई, एक स्थळ आलंय. जरा वापरलेलं हाय, पर पंखं चांगलं हायत. बगायला कवा येतासा?" सगळी स्टाफरूम माझ्याकडे बघायची. हे ग्राफिक्स कार्डाबद्दल चाललंय असं मी कितीदा सांगितलं, पण शाळेत अजून कुणी ते मनापासून मानलेलं नाही.

मग राजारामपुरी. कॉम्प्युटरची स्वस्त दुकानं वरच्या मजल्यावरच का असतात कोण जाणे. मी कठडा धरून एकेक पायरी चढायची, आणि अण्णा वरून ओरडायचे, "दमानं या, घाई न्हाय." घाई नव्हती ती त्यांना. दुकानात गेले की ते तयार डब्यावर कलिंगड वाजवावं तशी बोटं वाजवायचे.

"आत काय घातलाय? उघडून दावा."

"पावणं, सील हाय त्येला," दुकानदार म्हणायचा.

"सील? मंजी लपवायचं कायतरी हायच." आणि माझ्याकडे वळून, "बगितलं न्हवं?"

मी काय बघणार? मी खुर्ची बघत होते.

सुटे भाग घेऊ म्हटलं तर त्यातही यांचं समाधान नाही. "कार्ड देखनं हाय बाई, पर ह्यो पावर सप्लाय त्येला पोसंल काय?" पोसणारा पॉवर सप्लाय मिळाला की तो मावेल असा डबा मिळायचा नाही. डबा मिळाला की कार्ड विकलेलं असायचं. मग चहा, आणि चहावर अण्णांचा निकाल, "थांबूया. दिवाळी झाली की दर उतरत्यात."

"अण्णा, दिवाळीनंतर माझं ऑपरेशन आहे."

"मग बरंच की. बसूनच असनार तुमी."

गणपती गेले, दसरा गेला. माझ्या घरात एक स्क्रूसुद्धा आला नव्हता. मला गुडघ्यांपेक्षा अण्णांचा जास्त त्रास व्हायला लागला. वैतागले मी, खरंच सांगते. ऑपरेशनआधी मशीन घरात आलं नाही तर नंतर मला कोण जिने चढवणार होतं? एका रविवारी अण्णा कबनूरला लग्नाला गेलेले बघून मी रिक्षा केली, पहिल्याच दुकानात बोट दाखवलं आणि तयार डबा घेऊन आले. तो माझ्या हिशेबात बसत होता, ट्रक चालत होता, आणि माझा चहाही झाला नव्हता एवढ्यात व्यवहार उरकला. इतके दिवस मी काय करत होते असं झालं मला.

घरी आणून त्याच्यावर टेबलक्लॉथ टाकला. लपतंय होय? दुसऱ्या दिवशी अण्णा आले, त्यांनी टेबलक्लॉथकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भांडायच्या तयारीतच होते, उत्तरं पाठ करून ठेवली होती. अण्णांनी कापड बाजूला केलं, खाली बसले, मागून बघितलं. दोन्ही स्क्रू घट्ट, वर दुकानाचा शिक्का.

"बेस हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "अण्णा, राग मानू नका. मला उशीर चालला नसता."

"राग कशाचा ओ." त्यांनी कापड परत नीट घातलं. "पोराला मी जुळवून दिल्तं पयलं मशीन. बेंगळुरास्नं दर रविवारी फोन यायचा. अण्णा, पंखा वाजायलाय. अण्णा, बंद पडलं. मी फोनवरनं सांगायचो, ह्यो स्क्रू काढ, ती वायर बग. तास तास बोलायचो. मग त्यानं रेडी घेतलं." त्यांनी कापडाची एक सुरकुती सपाट केली. "काय बिघडतच न्हाय ओ त्येचं."

एरवी अण्णा जाताना दारातून दोनदा तरी 'येतो' म्हणतात. त्या दिवशी नुसते उठून गेले.

ऑपरेशन झालं. मी वॉकर धरून खुर्चीपर्यंत जायला लागले आणि आल्प्समधून ट्रक काढला. सुरेख आहे आल्प्स. पण त्या रस्त्यावर बोलायला कोणी नाही. आणि डोळे पडद्यावर ठेवले तरी लक्ष खिडकीबाहेर, समोरच्या पायरीकडे. अण्णा तिथे पाना घेऊन बसलेले असायचे, आमच्या फाटकाकडे पाठ करून. मशीन बघावं तर कुरकुर नाही, खडखड नाही. मला त्याचा रागच यायला लागला. इतकं शहाण्यासारखं चालायची काही गरज होती का?

एके दिवशी सकाळी मी नखाने तो शिक्का खरवडून काढला. स्क्रू बोटांनी फिरणारे होते, दोन्ही ढिले केले. पत्रा पंख्याच्या हवेने थरथरायला लागला. मग फोन लावला.

"अण्णा, डबा खडखडायलाय."

मी फोन ठेवला आणि ते दारात होते. पिशवी खांद्याला, चष्मा कपाळावर. खाली बसले, मागे बघितलं. अर्धवट फाटलेल्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"वारंटी गेली की ओ बाई."

"जाऊ दे."

अण्णांनी पिशवीतून ब्रश काढला आणि पत्रा उघडला. नव्या कोऱ्या मशीनची धूळ झाडायला त्यांना अख्खा दिवस लागला. मावळतीला त्यांनी सवयीने आभाळाकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

"जेवण वाढलंय," मी म्हटलं. ह्यांना मी दुपारीच स्वयंपाकाचं सांगून ठेवलं होतं. भाकरी आणि दोडक्याची भाजी, कांदा-लसूण न घालता. "जेवा, आणि दोन्ही स्क्रू बसवूनच उठा. आणि उद्या या."

"उद्या? बिघडलं तर येतोच की."

"न बिघडता या. एवढा मोठा ट्रक चालवायचा तर शेजारी क्लीनर नको का?"

अण्णांनी मान खाली घालून भाकरी मोडली. आणखी अर्धी मागून घेतली. हात धुऊन आले, डब्यामागे बसून आवळाआवळ केली, पिशवी उचलली. दारातून म्हणाले, "येतो." फाटकापाशी गेल्यावर परत एकदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खुर्चीत बसले. वाकून बघता येत नाही अजून, म्हणून डब्याच्या मागे हात फिरवला. एकच स्क्रू होता.

मी ह्यांना शेजारी दुसरी खुर्ची मांडायला सांगितली आणि गाडी सुरू न करता थांबले.