गल्लीचा राष्ट्रसंघ

जिनिव्हात राष्ट्रसंघ आहे आणि आपल्या गल्लीत नाही, ही गोष्ट यज्ञेश्वरपंत वकिलांच्या मनाला फार लागली होती. तिकडे मोठमोठी राष्ट्रे एका टेबलाशी बसतात आणि नाशकात मात्र सांडपाण्यावरून हमरीतुमरी होते, हे काही बरे नव्हे. तेव्हा त्यांनी गल्लीसंघ काढला, घटना लिहिली आणि अध्यक्षपदही बिचाऱ्यांनी स्वतःच पत्करले. गल्लीत ज्याची जागा, तो सभासद. कोणी कोणाच्या जागेत घुसलाच, तर सारी गल्ली एक होऊन त्याला वठणीवर आणील, हे पहिले कलम.

पहिली तक्रार गुलजारबीची आली. ती सूत रंगवी आणि खोपटापुढच्या अंगणात वाळत घाली. तिचे पोट त्याच्यावर. शेजारचे वेणीमाधव यात्रेकरूंना खोल्या देत. खोल्या कमी पडू लागल्या, तसा त्यांनी तिच्या अंगणात पाया खणायला घेतला.

"वकीलसाहेब, मी सूत आता वाळवू कुठं?"

"घाई करू नका, बाई. आधी याला घुसखोरी म्हणायचं का, ते ठरवावं लागेल," पंत गंभीरपणे म्हणाले. मनात त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. संघाला काम मिळाले होते.

चौकशी समिती अंगण पाहायला गेली, तोवर भिंत कमरेइतकी आली होती. वेणीमाधवांनी सगळ्यांना चहा पाजला. समितीने भिंतीबद्दल चिंता आणि चहाबद्दल आभार नोंदवले.

मग बहिष्कार ठरला. विटा बंद कराव्यात, असे कोणीतरी म्हणताच इब्राहिमशेठ खाकरले. विटा त्यांच्याच भट्टीच्या जात होत्या.

"विटेचा भांडणाशी काय संबंध, पंत? माणुसकी म्हणून तरी ती चालू ठेवा."

चुनेवाल्यालाही माणुसकी आठवली. शेवटी वेणीमाधवांना बांगड्या, काजळ आणि गजरे कोणीही विकू नयेत, असा कडक ठराव एकमताने झाला. वेणीमाधव विधुर होते. त्यांनी तो सोसला.

अंगण संपले, तशी भिंत खोपट गिळून पुढे गेली. संघाला हे दिसत होते. पण तक्रार अंगणाची होती, खोपटाची नव्हे.

खोली उभी राहिली. संघाला बसायला धड जागा नव्हती, म्हणून वेणीमाधवांनी तीच सभेसाठी देऊ केली. ओल्या चुन्याच्या वासात सभा भरली. गुलजारबी खांद्यावर ओले सूत घेऊन दारात उभी राहिली.

पंतांनी घटना चाळली आणि त्यांचा चेहरा पडला. "बाई, जागा असेल तोच सभासद. तुमची तर आता राहिली नाही. तक्रार ऐकायची कोणाची?"

"माझ्या जागेत बसलेले सभासद, आणि मी नाही?"

"घटना तशी आहे."

पंतांना खरेच वाईट वाटले. संघाने हळहळीचा ठराव मांडला, सगळ्यांनी हात वर केले आणि गुलजारबी निघून गेली.

हे वाचून आपणही हळहळला असाल. वर झालेल्या हातांत आपलाही हात धरला आहे. या, सतरंजीवर जरा सरकून घेतो; बसा. चहा येतोच आहे.